दिवसा बंद, रात्री उघडं

वत्सला दोंदेला पदरात पाडून घ्यायचं होतं ते इतकंच: पाठ टेकता येईल अशी खुर्ची, पिंपळगावच्या उन्हाळ्यात गार हवा, आणि हजेरीपटावर शाईने लिहिलेलं नाव. पहिल्या दोन गोष्टी तिला मिळालेल्या होत्या. तिसरी राहिली होती, आणि ती नसेल तर पहिल्या दोन्हीही परत द्याव्या लागणार होत्या.

द्राक्ष संघात कायम माणसांची नावं शाईने लिहीत आणि हंगामी माणसांची पेन्सिलीने. हंगाम संपला की खोडरबर फिरवायचं, पान पुन्हा कोरं. वत्सलाची आई कुसाबाई अकरा हंगाम पेन्सिलीतच होती. पॅकिंगच्या हॉलमध्ये बसून घडातले फुटके मणी कात्रीने काढायचे, हे तिचं काम. अकरा वेळा तिचं नाव लिहिलं, अकरा वेळा पुसलं. तिच्या नावापुरता कागद पातळ झालाय, असं ती स्वतःच हसत सांगायची.

संघाने कॉम्प्युटर घेतला तो सत्याऐंशी सालच्या पावसाळ्यानंतर. द्राक्षं विलायतेला जायला लागली होती आणि तिकडच्या व्यापाऱ्याला हाताने लिहिलेल्या याद्या चालेनात. कोणत्या बागेतल्या किती पेट्या, कोणत्या दिवशी तोडल्या, कोणत्या खोलीत गार केल्या, सगळं छापील हवं. हे छापणार कोण, असा प्रश्न आला तेव्हा पिंपळगावात कॉम्प्युटर शिकलेली एकच व्यक्ती होती. तीही नाशिकला एस.टी.ने रोज जाऊन येऊन शिकलेली. मॅनेजर कारभारी विधाते यांनी वत्सलाला घेतलं ते नाइलाजाने. एक ऑक्टोबर ते एकतीस मार्च, सहा महिने तपासून बघायचं, मग शाई की खोडरबर ते ठरवायचं. पुढे जानेवारीत विधात्यांच्या बहिणीचा मुलगा तोच कोर्स करून पुण्याहून परत आला. मामांना फार चुटपुट लागली. भाचा चार महिने आधी पास झाला असता तर काय बिघडलं असतं, असं ते दोनतीनदा वत्सलाच्या देखतच म्हणाले. म्हणजे मन मोकळं होतं माणसाचं.

कॉम्प्युटरसाठी पॅकिंग हॉलच्या कोपऱ्यात काचेची खोली बांधली होती. चपला बाहेर. आत एसी. खुद्द विधात्यांच्या केबिनमध्ये एसी नव्हता, त्यामुळे महत्त्वाच्या कागदांवर सह्या करायला ते याच खोलीत येत आणि मार्चपासून बरेच कागद महत्त्वाचे होत.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एका दुपारी व्होल्टेज वर गेलं आणि कॉम्प्युटरच्या पाठीमागून धूर निघाला. नाशिकहून गोटीराम शेजवळ आला. तिथे द्वारका चौकात टायरच्या दुकानावर त्याची एका खोलीची कार्यशाळा. रेडिओ, मग टीव्ही, आता कॉम्प्युटर, अशी त्याची चढण. गुरुवारी द्वारकेची वीज बंद असायची, म्हणून बाहेरगावची कामं तो गुरुवारी करायचा. त्याने स्क्रू काढून झाकण उचललं, आतला पॉवर सप्लायचा पत्र्याचा डबा उघडला आणि टेबलावर उपडा केला. त्यातून ओंजळभर कांद्याची टरफलं पडली.

पिंपळगावात हे व्हायचंच. पलीकडे कांद्याचे लिलाव चालतात. वारा सुटला की टरफलं गावभर उडतात, ती डोक्यात सापडतात, डब्यात सापडतात, विधात्यांच्या चहात सापडतात.

गोटीराम म्हणाला, "साहेब, द्राक्षाचा संघ ना तुमचा? मशीन तर कांद्याच्या बाजूचं दिसतंय."

सगळे हसले. एक जण हसला नाही. सुट्टी असूनही मुद्दाम आलेले बहिरूनाना.

बहिरूनाना पवार हे संघाच्या कोल्ड स्टोरेजचे मिस्त्री. एकोणीस वर्षं गार खोल्या त्यांच्या ताब्यात होत्या. संघाच्या आवारात कुठे फट राहिली, कुठून धूळ आत आली, तर तो त्यांना आपल्या अंगावरचा डाग वाटायचा. काचेची खोली बांधली तेव्हा तिच्या फटी त्यांनी स्वतः बुजवल्या होत्या. वत्सलाला अर्ज करायला त्यांनीच सांगितलं होतं, आणि विधात्यांसमोर तो अर्ज ठेवून, "बघा तं खरं, पोरगी हुशार हाय," असं म्हणणारेही तेच. आता चार लोकांसमोर त्यांच्या खोलीतून ओंजळभर टरफलं निघाली. त्यांनी टरफलं गोळा केली आणि बाहेर नेऊन टाकली.

गोटीरामने नवा पॉवर सप्लाय बसवला, एका चिठ्ठीवर चार सूचना लिहून विधात्यांच्या हातात दिल्या, आणि चारच्या गाडीने गेला. विधात्यांनी चिठ्ठी न वाचता फाइलला लावायला दिली. वाचलेल्या कागदापेक्षा फाइलला लावलेला कागद त्यांना जास्त सुरक्षित वाटायचा.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, अकरा वाजून वीस मिनिटांनी कॉम्प्युटर अडकला.

अडकला म्हणजे बंद पडला नाही. पडद्यावर अक्षरं होती तशीच, हिरवीगार. फक्त पुढे काही होईना. कळ दाबा, दोन कळा दाबा, काही फरक नाही. बैठकीत झोप लागलेल्या संचालकासारखा, डोळे उघडे आणि बाकी काही नाही. वत्सलाने बटण बंद केलं, थोडा वेळ थांबून चालू केलं. चालू झाला. पण टाइप केलेल्या एकशे चाळीस पेट्या गेल्या. तासाभराने पुन्हा तेच. शनिवारी तेच. सोमवारी तेच, तेही विलायतेच्या यादीच्या ऐन मध्यावर.

आता दोष शोधायला सगळा संघ उठला. ज्याला जिथे दोष सापडायला हवा होता, तिथेच तो त्याला सापडला. झुंबर वायरमन तीन वर्षं ऑफिसला वेगळी लाइन मागत होता. तो म्हणाला, व्होल्टेज. त्याने अर्थिंगच्या खड्ड्यात मीठ आणि दोन बादल्या पाणी ओतलं, तरी कॉम्प्युटर अडकला, म्हणजे वेगळी लाइन लागणारच हे त्याच्या मते सिद्ध झालं. स्टोअरकीपर म्हणाला, उंदीर. त्याला मांजर ठेवायची परवानगी हवी होती. विधाते खुर्ची ओढून वत्सलाच्या मागे बसले आणि तिच्या बोटांकडे बघत राहिले.

"वत्सलाबाई, तुमचा हात जरा जड पडतो का?"

"नाही साहेब."

"नाही, काही काही लोकांचा असतो. भाच्याचा हात अगदी हलका. तबला वाजवायचा ना तो."

हा हात जड असल्याचा शोध विधात्यांनी मग एका कागदावरही लिहिला. 'ऑपरेटरच्या हाताखाली यंत्र वारंवार बंद पडते.' खाली तारीख टाकली. एकतीस मार्चसाठी असे तीन कागद पुरे, हे ऑफिसात कुणाला सांगावं लागत नव्हतं.

वत्सला घरी येऊन आईला म्हणाली, "माझ्या हाताला दोष देतात."

कुसाबाई भाकरी थापत होती. "अकरा वर्षं कात्री चालवली, माझ्या हाताला कुणी दोष दिला नाय. कात्री अडकत नाय ना. तू बघ, ते कवा कवा अडकतं. येळ लिहून ठिव."

वत्सलाने शंभर पानी वही घातली. तारीख, वार, चालू केल्याची वेळ, अडकल्याची वेळ. शिवाय दर दहा ओळींनी काम साठवून ठेवायचं, म्हणजे गेलं तर दहाच ओळी जातील. सकाळी दर वेळी दोन-सव्वादोन तास नीट, मग अडकायचा. जेवणाच्या सुट्टीत बंद ठेवला की पुन्हा तासभर बरा. तापत असेल, असं तिच्या मनात आलं होतं. तिने बोलूनही दाखवलं. त्यावर झुंबर हसला. "ताई, खोलीत आम्ही स्वेटर घालून येतो आणि तुम्ही म्हणता तापलाय." बहिरूनानांनी पुढच्या पत्र्यावर हात ठेवून बघितला आणि मान हलवली. "गार हाय. द्राक्षं ठिवली तं आठ दिवस टिकतील." गार किती आहे हे सांगायचा अधिकार अख्ख्या संघात त्यांचा, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला.

पंचवीस फेब्रुवारीला, गुरुवारी, गोटीराम पुन्हा आला. त्याने मशीन पुढे ओढलं, मागे पुढे, आत बाहेर बघितलं, झाकण लावून चालवलं, काढून चालवलं. साडेदहा ते साडेतीन. पाच तास वत्सला टाइप करत होती आणि मशीन एखाद्या गरीब गाईसारखं चाललं. विधाते दर अर्ध्या तासाने आशेने डोकावून जात होते.

शेवटी गोटीराम हात पुसत म्हणाला, "साहेब, मशीन ठीक आहे. सप्लाय ठीक आहे. आणि बाईंचा हात म्हणाल तर माझ्यापेक्षा साफ आहे. लिहून देऊ का?"

विधाते म्हणाले, "कशाला, तुमचा शब्द आहे ना." तरी त्याने लिहून दिलं. नको असताना स्वतःच्या सहीने लिहून देणारी माणसं कमी, आणि त्यांना पुढे अडचण येते ती बहुधा याच सवयीने. पण त्या कागदामुळे विधात्यांचा दुसरा कागद लिहायचा राहिला, हे वत्सलाने मनात नोंदवलं. जाताना तो तिला म्हणाला, "दोंदेताई, काही सापडलं तर मला कळवा. कार्ड टाका नुसतं. असा न सापडलेला दोष डोक्यात राहतो माझ्या."

शुक्रवारी अकरा दहाला मशीन अडकलं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वहीची नऊ पानं भरली, आणि मग जे विधात्यांच्याही लक्षात आलं ते वहीत आधीपासून होतं. गुरुवारी मशीन अडकत नाही. एकही गुरुवार नाही.

विधात्यांना आता सगळं स्पष्ट दिसलं. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या डोक्यावर दत्ताचा फोटो आला, आणि येत्या गुरुवारी नारळ फोडायचं ठरलं. वत्सलाच्या घरी भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्ध, त्यामुळे तिने फोटोबद्दल बरं किंवा वाईट काहीच म्हटलं नाही. रोज सकाळी पडदा पुसताना फोटो नीट उचलायची आणि नीट ठेवायची. कुसाबाईने मात्र विचारलं, "बाकीच्या सहा दिशी देवाला काय काम आसतं म्हनं?"

प्रश्न थट्टेचा होता, पण वत्सला त्याच्यावरच अडून बसली. सहा दिवस काय असतं, जे गुरुवारी नसतं? तिने वहीच्या मागच्या पानावर यादी केली. लिलाव? तो गुरुवारीही असतो. कोल्ड स्टोरेजचं मोठं मशीन? तेही चालू असतं, बहिरूनानांच्या सुट्टीला त्यांचा मदतनीस चालवतो. मग तिने माणसं लिहिली. गुरुवारी कोण नसतं, या ओळीपुढे एकच नाव आलं. तिने ते खोडलं. तो माणूस खोलीत येतो तो कधी, हे आठवायचा प्रयत्न केला. आठवेना. आणि मग दुसरंच आठवलं. रोज सकाळी टेबल पुसताना तिच्या पदराला थर्माकोलचे पांढरे बारीक मणी चिकटायचे. झटकले तरी निघायचे नाहीत. पॅकिंगचा हॉल शेजारी, थर्माकोल तर सगळीकडे, म्हणून कधी विचार केला नव्हता. सतरा मार्चच्या गुरुवारी, नारळ फुटला त्या दिवशी, तिने मुद्दाम काळ्या पदराची साडी नेसून टेबल दोनदा पुसलं. एकही मणी चिकटला नाही.

शुक्रवारी ती नऊऐवजी आठला आली.

खोलीचं दार उघडं होतं. चपला बाहेर शिस्तीत काढलेल्या. बहिरूनाना टेबलाच्या मागच्या सांदीत शिरले होते, तोंडात चिकटपट्टीचा तुकडा धरलेला, आणि दोन्ही हातांनी कॉम्प्युटरच्या पाठीत थर्माकोलचं एक गोल बूच दाबत होते. बूच असं सुबक कापलेलं, की फॅनच्या भोकात चपखल बसलं. वरून राखाडी पट्टी लावली की कारखान्यातूनच तसं आलंय असं वाटावं.

"नाना, काय करताय?"

त्यांनी आधी पट्टी चिकटवली, मग बोलले. काम अर्धं टाकून बोलायची त्यांना सवय नव्हती.

"दिवसाचं बंद करतोय. रोजच करतो. संध्याकाळी तू गेली का काढतो."

"का?"

"का म्हंजी? टरफलं. मागल्या बारीला दुनिया हसली आपल्याला." मग तिला शिकवावं तसं म्हणाले, "गार खोलीचा नेम हाय बाय. दिवसा भायेरची हवा गरम आन धुळीची, तवा सगळी भोकं बंद. रातीला हवा गार पडली का उघडायची, श्वास घिऊ द्यायचा. दिवसा बंद, रात्री उघडं. एकोणीस वर्षं मपल्या खोलीत घड सडला नाय."

वत्सला खुर्चीवर बसली. "नाना, याची गरमी आत तयार होते. ती त्या भोकातून बाहेर जाते. फॅन त्यासाठीच आहे. बाहेरचा पत्रा गार लागतो, आत भाजत असेल. रात्री तर मशीन बंदच असतं."

बहिरूनाना बराच वेळ बुचाकडे बघत उभे राहिले. त्यांना समजायला वेळ लागला असं नाही, ते मिस्त्री होते, पहिल्या वाक्यालाच समजलं होतं. पुढच्या वाक्यांचा वेळ त्यांनी गुरुवार मोजण्यात घालवला.

"म्हंजी महिनाभर मीच," ते म्हणाले.

"तुम्हाला कुठे माहीत होतं."

"जाऊन सांग विधात्याला. मपलं नाव सांग. तुझं काम जायाला नको."

त्यांनी ते मनापासून म्हटलं. पण वत्सला तीन दिवसांपूर्वीच विधात्यांच्या टेबलावर एक अर्ज बघून आली होती. बहिरू पवार, वय अठ्ठावन्न, एप्रिलपासून दोन वर्षं मुदतवाढ मिळावी. अर्जावर विधात्यांनी शेरा मारला नव्हता. नानांच्या मदतनिसाला ते हल्ली फार आपुलकीने हाक मारत. नानांचं नाव सांगितलं तर विधात्यांना एका कागदात दोन कामं उरकता आली असती.

"बूच द्या इकडे," वत्सला म्हणाली. "आणि परत लावू नका. मी बघते काय ते."

त्यांनी पट्टी सोडवून बूच तिच्या हातात दिलं. तिने ते पर्समध्ये ठेवलं. त्या दिवशी मशीन सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा एकदाही अडकलं नाही. तिने वहीत लिहिलं, 'शुक्रवार – नाही.'

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. मशीन चालू, टरफलांसाठी जाळीचा तुकडा लावला की झालं. पण शनिवारी सकाळी विधात्यांनी बोलावलं.

"चेअरमनसाहेबांनी लेखी मागितलंय. महिनाभर याद्या उशिरा गेल्या त्याचं कारण काय. दोष कशात होता, ते तुम्ही लिहून द्या. आणि बाई, काल मशीन चाललं म्हणतात. छान. चालायला लागलं म्हणजे यंत्रात दोष नव्हता. मग कशात होता?"

ते उत्तरासाठी थांबलेही. भाचा बाहेरच्या बाकावर बसून होता. कामाला नव्हे, असाच.

वत्सला खोलीत परत आली. यंत्रात दोष नाही, तर हातात. हातात नाही, तर माणसात. माणूस द्यायचा तर नाना. तिने तीनही नावं मनात फिरवून बघितली आणि तिला चौथं सुचलं, जे संघात रोज येत नव्हतं, ज्याचा मामा इथे मॅनेजर नव्हता आणि जे इथे नव्हतं म्हणून कुणाच्या डोळ्यासमोरही नव्हतं. तिने खोलीचं दार लावून घेतलं, पर्समधून बूच काढलं, टेबलाच्या मागे गेली आणि नानांनी दाबलं तसं ते भोकात दाबलं.

मशीन साडेअकराला अडकलं. तिने विधात्यांना बोलावून दाखवलं. सोमवारी दहा पन्नासला अडकलं, तेव्हा चेअरमन स्वतः उभे होते.

"हात माझा कळांवर नाही, साहेब," ती म्हणाली, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पडदा हिरवा होता. चेअरमननी स्वतःच्या बोटाने दोन कळा दाबून बघितल्या. मग दत्ताकडे बघितलं. "सोमवार आहे," विधाते हळूच म्हणाले.

"जुना सप्लाय होता तेव्हा असं कधी झालं?" चेअरमननी विचारलं.

"नाही साहेब," वत्सला म्हणाली. "नवा बसवल्यापासूनच."

हे शब्दशः खरं होतं. वहीही तेच सांगत होती, आणि वही चेअरमननी पानपान चाळली. इतकी नीट वही त्यांनी संघात पूर्वी बघितली नव्हती असं म्हणालेही. तिने लेखी दिलं. 'नवीन पॉवर सप्लायमध्ये दोष असावा.' विधात्यांनी 'असावा' खोडून 'आहे' केलं. भाच्याची संधी निसटली हे कळायला त्यांना वेळ लागला नव्हता, आणि निसटलेल्या गोष्टीच्या मागे ते पळत नसत. दोष बाहेरच्या माणसावर जात असेल तर आतल्या मॅनेजरलाही तो सोयीचाच.

कागद फाइलला लावताना वत्सलाला खालची चिठ्ठी दिसली. गोटीरामच्या चार सूचना. तिसरी अशी होती: मशीनच्या पाठीमागची हवा मोकळी ठेवावी, भोक झाकू नये. अक्षर सुरेख होतं. तिने आपला कागद तिच्यावर ठेवला आणि दोन्हीतून एकच दोरा ओवला.

संध्याकाळी फाटकापाशी बहिरूनाना भेटले. ते तिच्याकडे बघत राहिले.

"बाय, पदराला थर्माकोल लागलंय."

तिने खाली बघितलं. मणी होते. तिने झटकले, ते निघाले नाहीत.

"हॉलमधलं असेल," ती म्हणाली.

"आसंल," नाना म्हणाले आणि सायकलवर बसले.

पंचवीस मार्चला मुंबईच्या एका कंपनीचा माणूस दुसरा सप्लाय घेऊन आला. त्याच्या आधी पंधरा मिनिटं बूच काढलं गेलं, आणि ते परत कधी लागलं नाही. नव्या सप्लायच्या मागे नानांनी बारीक जाळी ठोकली. हवा जाईल, टरफल जाणार नाही, अशी. मशीन चालू लागलं ते चालतच राहिलं. काढलेला सप्लाय न्यायला गोटीराम आला तो गुरुवारीच, एकतीस तारखेला. खोलीत आला नाही, बाहेरूनच डबा घेतला. वत्सला तेव्हा शेवटच्या कंटेनरची यादी छापत होती. काचेतून त्याने मान हलवली, तिनेही हलवली.

दहा एप्रिलच्या सुमाराला त्याचं कार्ड आलं. 'दोंदेताईंस नमस्कार. तुमच्याकडून आणलेला सप्लाय माझ्या टेबलावर सलग चार दिवस चालवला. एकदाही अडकला नाही. यात दोष काय होता ते मला सापडत नाही. तुम्ही रोज पाहत होता, तुमच्या काही लक्षात आलं असल्यास कळवावं. असेच दोन ओझरला बसवले आहेत, त्यांची काळजी वाटते. आईंना नमस्कार.'

वत्सलाने कार्ड दोनदा वाचलं. उत्तरासाठी पोस्टातून कोरं कार्डही आणलं, त्यावर पत्ता घातला. मजकुराची बाजू कोरी राहिली. दोन्ही कार्डं तिने त्या वहीत ठेवली, जिथे 'शुक्रवार – नाही' लिहिलं होतं त्या पानाशी.

ओझरच्या मंडळींनी मे महिन्यात संघाला फोन करून विचारलं, शेजवळांचं काम कसं आहे. विधात्यांनी फाइल काढून वाचून दाखवली. फाइलला लावलेल्या कागदाचा उपयोग तो हाच. पुढच्या वर्षी वत्सला कामासाठी नाशिकला गेली तेव्हा द्वारकेला गाडी थांबली होती. टायरच्या दुकानावर पाटी तीच होती, फक्त तिच्यावरचा कॉम्प्युटर हा शब्द रंगवून झाकला होता आणि रेडिओ, टीव्ही तेवढे राहिले होते. रंग नीट बसला नव्हता, खालची अक्षरं वाचता येत होती.

तर एकूण जमाखर्च असा झाला. विधात्यांना काही द्यावं लागलं नाही. भाच्याला त्यांनी माल पाठवणीत चिकटवला, पेन्सिलीने का होईना. बहिरूनानांना दोन वर्षं मिळाली. एवढंच की त्यानंतर काचेच्या खोलीत काम निघालं तर ते मदतनिसाला पाठवत. दत्ताचा फोटो जागेवर राहिला आणि मशीन सातही दिवस चालल्याचं श्रेय त्याच्याकडे गेलं. वत्सला दोंदे हे नाव एक एप्रिलला निळ्या शाईने लिहिलं गेलं, तिच्या देखत, आणि टिपकागदाने टिपलं गेलं. कुसाबाई दोंदे बाराव्या हंगामालाही पेन्सिलीतच राहिली. तिने काही मागितलंच नव्हतं.

भरलं ते एकट्या गोटीराम शेजवळने, आणि त्याने कार्ड टाकून मागितली तरी त्याला पावती मिळाली नाही.